कोरा तलाव

पहाटे ४.१०

पाळणा थांबला की बाळ उठतं, तसं माझं एरेटरशी झालंय. पंख्यांचा आवाज चालू असेपर्यंत गाढ झोप. वीज गेली, आवाज तुटला, की मी अंथरुणात उठून बसलेली. आज आवाज नीट चालू आहे, तरी उठायचंच. तलावातला प्राणवायू चोवीस तासांत सर्वांत खाली उतरतो तो या वेळी. दिवसा ऊन खाऊन पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ प्राणवायू सोडतं; रात्री तेच शेवाळ ओढणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतं. कोळंबी ओढते, तळाचा गाळ ओढतो. भर घालायला फक्त पंखे.

टॉर्च, मीटर, वही. बांधावरून चालताना खेकडे पायाखालून सटकतात. एक नंबर ४.४. दोन नंबर ४.५. तीन नंबर ३.५. चार आणि पाच, दोन्ही ४.२. हे आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे. चारच्या वर असले की मला चहा आठवतो, तिनाच्या खाली गेले की जनरेटर. तीन नंबरचा बंद ठेवलेला पंखा रात्रपाळीच्या पोराला चालू करायला सांगितला.

“वैनी, तीन नंबर रोजच कमी दाखवतोय.”

“दाखवणारच. त्याचं पोट साफ नाही.”

त्याला वाटलं मी कोळंबीबद्दल बोलतेय. मी तलावाबद्दल बोलत होते.

धरमतर खाडीच्या एका फाट्यावर, खारबंदिस्तीच्या आत आमचे पाच तलाव आहेत, प्रत्येकी अर्धा हेक्टर. प्रत्येकात दोन लाख बी सोडलं, म्हणजे चौरस मीटरला ४०. कायद्याने व्हेनामी कोळंबीला ६० पर्यंत मुभा आहे. आमच्या विजेला आणि माझ्या झोपेला ४० झेपतात. बी सोडून आज ६१ दिवस झाले. उद्या वैशाखातली अमावास्या.

सकाळी ५.३०

बाबा, म्हणजे माझे सासरे, बांधावरच्या खोलीत चहा घेतात तो उभ्याने. त्यांनी १९९०च्या सुमारास इथेच टायगर कोळंबी केली होती. एका हंगामात पैसा आला, घरावर स्लॅब पडला. मग पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तीन दिवसांत तलाव रिकामा. १९९६च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, किनाऱ्यावरच्या कोळंबी शेतीला लगाम बसला, आणि बाबांनी तलावात पुन्हा भात लावला. २००९ मध्ये देशात व्हेनामीला परवानगी मिळाली तरी ते काही वर्षं बघत बसले. मी लग्न होऊन आले ती शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाची पदवी घेऊन. “सूनबाईच्या हुंड्यात मायक्रोस्कोप आला,” असं ते पाहुण्यांना सांगतात. हुंडा नव्हता. मायक्रोस्कोप खरा आहे, पण तो मी सेकंडहँड घेतलेला.

“आज पाग टाकायची ना?” त्यांनी विचारलं.

“साडेचारला. चार आणि पाच.”

“तीन नको?”

“तीनही.”

चार आणि पाच हे आमच्या घरातलं भांडण आहे. दोन्हींत एकाच दिवशी, एकाच हॅचरीचं, एकाच विमानाने मुंबईला उतरलेलं बी. पंखे तेवढेच, खाद्य तेच. फरक एकच: पाच सोडून बाकी सगळ्या तलावांच्या खाद्यात मी प्रीबायोटिक मिसळते. पाच नंबर कोरा ठेवायची कल्पना बाबांची. खारभूमीतल्या भाताला नवं खत आलं की ते एक वाफा कोरा ठेवत. “नाहीतर पीक खताने आलं की पावसाने, हे शेजाऱ्याला काय सांगशील?” हा त्यांचा प्रश्न माझ्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात इतक्या स्वच्छ मराठीत कुणी विचारला नव्हता.

सकाळी ६.००

पहिलं खाणं. १६ किलो प्रत्येक तलावाला, साधं, काही न मिसळता. दिवसाला चार वेळा खाणं. मिसळलेलं फक्त दहाचं आणि संध्याकाळी सहाचं. सकाळी सहाला मिसळायचं तर चारला उठून मिसळावं लागेल, आणि चारला माझ्या हातात मीटर असतो. काही शास्त्रीय निर्णय असेही होतात.

होडीतून खाद्य फेकणारे काका डावा हात वल्ह्यावर आणि उजवा पाटीत ठेवून अर्धवर्तुळं काढत जातात. कडेला टाकतात, मध्ये टाकत नाहीत. पंखे गाळ मध्ये ढकलतात, आणि गाळात पडलेलं खाद्य कोळंबीच्या नव्हे, गाळाच्या पोटात जातं. तीन नंबरला ही शिस्त पहिल्या महिन्यात पाळली गेली नाही. मी तेव्हा माहेरी होते. एवढंच लिहिते.

सकाळी ७.४५

चेक ट्रे. चौकटीला जाळी लावलेलं हे ताट तळाशी सोडलेलं असतं, त्यात किलोमागे चार ग्रॅम या हिशेबाने खाद्य ठेवलेलं. पावणेदोन तासांनी वर ओढायचं आणि बघायचं: ताट चाटूनपुसून साफ आहे का, शिल्लक आहे का, विष्ठेचे दोरे कसे आहेत.

विष्ठा बघणं हे आमच्या धंद्यातलं कुंडलीवाचन. दोरा तपकिरी, लांब, घट्ट असला की पोट चाललंय. तुटक, फिकट असला की शंका. पांढरा आणि तरंगणारा असला की झोप उडते. त्याला सगळे ‘व्हाइट गट’ म्हणतात. चार नंबरच्या ताटात आठ कोळंब्या आल्या. एक तळहातावर घेतली. डोक्याच्या मागे तपकिरी यकृतग्रंथी, तिथून शेपटीपर्यंत पाठीतून गेलेली काळी-तपकिरी रेघ. ती रेघ म्हणजेच आतडं. सरळ, वळण नसलेलं, बॉलपेनच्या रिफिलीसारखं. आपल्या आतड्याचे वीस वळसे. हिचं एकच रेषेतलं काम. खाल्लेलं दोन-तीन तासांत बाहेर.

हे ध्यानात ठेवायला हवं, कारण प्रीबायोटिक हा शब्द माणसाच्या पोटासाठी जन्मला. १९९५ मध्ये गिब्सन आणि रोबरफ्रॉइड या दोघांनी तो रुजवला: आपल्याला न पचणारं, पण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसणारं खाणं. कांदा, लसूण, चिकोरीचं मूळ यांतलं इन्युलिन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. माणसाच्या मोठ्या आतड्यात ते रेंगाळतं, तिथल्या जिवाणूंना निवांत पंगत मिळते. कोळंबीच्या पोटात पंगतीला तेवढा वेळच नाही. पत्रावळ मांडेपर्यंत उठायची वेळ. म्हणून माणसाचं औषध कोळंबीला लागू पडेलच असं नाही, आणि पुडीवर ‘आतड्याचं आरोग्य’ छापलं म्हणून आतडं एकच होत नाही.

पाच नंबरचं ताटही साफ. दोरे तसेच. तीन नंबरला मूठभर शिल्लक.

सकाळी ९.००

मिसळण. शेडमध्ये निळी ताडपत्री, तराजू, बादली, आणि दोन मावश्या ज्यांचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे.

आमची पावडर म्हणजे यीस्टच्या पेशीची भिंत. पाव-ब्रेड फुगवणारंच यीस्ट. त्याच्या पेशीतला गर काढून घेतला की उरतं ते साल. त्या सालीत दोन कामाच्या गोष्टी. एक मॅनन, म्हणजे मॅनोज साखरेच्या साखळ्या. काही उपद्रवी जिवाणू आतड्याला चिकटायला याच साखरेचा आधार शोधतात. त्यांच्या अंगावरचे बारीक तंतू तिला धरतात. साखर आतड्याऐवजी यीस्टच्या सालीवर भेटली की ते तिलाच मिठी मारतात आणि सालीसकट बाहेर पडतात. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे चोराला दारातच भाकर देऊन वाटेला लावायचं.” याहून चांगलं मला सांगता आलेलं नाही.

दुसरी गोष्ट बीटा-ग्लुकॅन. काटेकोर बोलायचं तर हिचं मुख्य काम प्रीबायोटिकचं नाहीच. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात; एकदा झालेला रोग लक्षात ठेवून पुढच्या वेळी नेमका त्यालाच ओळखणारी आपल्यासारखी यंत्रणा तिच्याकडे नाही. लस टोचून काम भागत नाही ते म्हणूनच. तिच्याकडे आहेत रक्तातल्या पेशी आणि काही प्रथिनं, जी बुरशी-जिवाणूंच्या भिंतीचा तुकडा दिसला की आरडाओरडा करतात. ग्लुकॅन हा तसाच तुकडा. शत्रू नाही, पण शत्रूची टोपी. टोपी दिसली की पहारेकरी जागे.

आता रोज रात्री टोपी दाखवली तर पहारेकरी काय करतील? कोचीच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय पांढऱ्या कोळंबीवर हेच तपासलं आणि २००९ मध्ये छापलं: ग्लुकॅन रोज देण्यापेक्षा सात दिवसांतून एकदा दिलेलं जास्त कामी आलं. ते शुद्ध ग्लुकॅन होतं, माझी पावडर मिश्र आहे, कोळंबीची जातही वेगळी. म्हणून मी तो आकडा उचलला नाही, धडा उचलला. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आधी चार दिवस, नंतर तीन. मग सुट्टी. याच दिवसांत बरीच कोळंबी कात टाकते, अंग मऊ असतं, खाणं कमी होतं, आणि ज्याला आत शिरायचंय त्याला दार उघडं सापडतं.

१६ किलो खाद्य, किलोमागे ३ ग्रॅम, म्हणजे ४८ ग्रॅम पावडर. ती थोड्या पाण्यात कालवायची, बाइंडरचं जेल घालायचं, खाद्यावर शिंपडत हलक्या हाताने वरखाली करायचं. दाबलं तर दाणा फुटतो. मग सावलीत अर्धा तास पसरून ठेवायचं. उन्हात नाही. घाई केली तर जेल धरत नाही, पावडर पाण्यात पडताक्षणी सुटते, आणि आपण कोळंबीऐवजी खाडीला प्रीबायोटिक खाऊ घालतो. माझ्या मते निम्म्या शेतकऱ्यांच्या पावडरी इथेच नापास होतात, पोटात जायच्या आधी.

पाच नंबरच्या ढिगाला नुसतं जेल. तीही बाबांचीच अट. “चव दोघांची सारखी हवी. नाहीतर फरक जेलचा निघायचा.”

सकाळी १०.००

दुसरं खाणं. ऊन चढलं. काकांनी डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला.

सकाळी ११.००

प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची खताची खोली. पंखा लावता येत नाही, कारण बशीत हवेतली घाण पडते. मे महिन्यात हे काम तपश्चर्येत मोडतं.

काल तीन, चार आणि पाच नंबरच्या कोळंबीची आतडी काढून, कुटून, हिरवट माध्यमाच्या बशांत पसरली होती. टीसीबीएस नावाचं हे माध्यम व्हिब्रिओ कुळातल्या जिवाणूंसाठीच असतं. ज्यांना उसाची साखर आंबवता येते त्यांच्या वसाहती पिवळ्या उगवतात, ज्यांना येत नाही त्यांच्या हिरव्या. हिरव्यांत व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस येतो. त्याच्याच एका विषारी वाणाने २००९ पासून चीन, मग व्हिएतनाम, थायलंड अशी कोळंबी शेती झोपवली. बी सोडून महिना होतो न होतो तोच तलाव साफ. काय होतंय हे कुणालाच कळेना. २०१३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने गुन्हेगार दाखवला. म्हणून हिरवा ठिपका दिसला की आमच्या लोकांच्या पोटात गोळा येतो. खरं तर सगळे हिरवे विषारी नसतात आणि पिवळे सगळे साधू नसतात. बशी फक्त एवढंच सांगते की वस्तीत कोण वाढलंय.

चार नंबर: पिवळे १४, हिरवे २. पाच नंबर: पिवळे १७, हिरवे ३. तीन नंबर: पिवळे ९, हिरवे ११.

तीन नंबरला पावडर मिळते. पाचला मिळत नाही. हे आकडे मी वहीत लिहिले आणि बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसले. पावडर विकणाऱ्याला पाच नंबर दाखवायची सोय नाही आणि पावडर न घेणाऱ्याला चार नंबर. चार आणि पाचमधला फरक एवढा लहान आहे की बशी दुसऱ्या हाताने पसरली असती तर उलटाही निघाला असता. तीन नंबरचा फरक मात्र डोळ्यांत खुपतो, आणि त्याचं कारण पिशवीत नाही, तळाला आहे. काळ्या गाळात चोर रोज शेकड्याने जन्मत असतील तर दारात किती भाकरी वाटणार?

यकृतग्रंथीचा तुकडा काचपट्टीवर दाबून पाहिला. चारमध्ये नळ्या तेलाच्या थेंबांनी भरलेल्या, लोण्याच्या गोळीसारख्या. पाचमध्येही. तीनमध्ये थेंब कमी, काही नळ्या आकसलेल्या. ईएचपी नावाची एक सूक्ष्मबीजाणूची बाधा आहे; ती कोळंबीला मारत नाही, वाढ खाते. तिचे बीजाणू या मायक्रोस्कोपखाली मी छातीठोकपणे ओळखू शकत नाही. तीनचा नमुना पीसीआरला पाठवायला काढून ठेवला.

दुपारी १२.३०

सेल्समन. जेवायच्या वेळी येतात, कारण तेव्हा मालक सापडतो. सुकट घातलेली वांग्याची भाजी त्यालाही वाढली.

“मॅडम, प्री, प्रो, पोस्ट, तिन्ही एकाच पाऊचमध्ये. सात दिवसांत व्हाइट गट बंद.”

“आत काय आहे?”

“एमओएस, एफओएस, ग्लुकॅन, एन्झाइम, हर्बल एक्स्ट्रॅक्ट...”

“किती किती?”

पाऊचवर उड्या मारणारी कोळंबी होती, सोनेरी अक्षरं होती, टक्केवारी नव्हती. मी त्याला चौथ्या पोळीबरोबर सांगितलं की, सात दिवसांत जे बंद करतं ते मला नको, कारण जिवंत पोटात एवढ्या झटक्यात काही बंद करणारं सहसा प्रीबायोटिक नसतं.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, पोळल्यामुळे बोलते. काही वर्षांपूर्वी अशाच एका ‘हर्बल गट टॉनिक’च्या पुडीने आमचा माल खरोखर सुधारला होता. ताटं साफ, दोरे काळेभोर, मी खूश. काढणीच्या आधी प्रतिजैविकांची तपासणी करतात, त्यात नमुना अडकला. वनौषधीच्या नावाखाली आत काय होतं ते पुडी बनवणाऱ्यालाच माहीत. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी औषधं कोळंबीला घालायला बंदी आहे. अंश सापडला की युरोपात गेलेला अख्खा कंटेनर परत येऊ शकतो. तळोज्याहून येणारा खरेदीदार फोन उचलेना. तो हंगाम बाबांनी मला एकदाही बोलून दाखवला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी कुठलीही पावडर आली की आधी तिचा नमुना तपासून घेते. सेल्समनला तसं सांगितलं: नमुना ठेवा, अहवाल येऊ द्या. तो पाऊच घेऊनच गेला.

दुपारी २.००

तिसरं खाणं, साधं, आणि दोन किलो कमी. पाणी ३२ अंशांच्या वर गेलं की मी हात आखडते.

दुपारी २.४५

हिशेब. पाच तलावांचं खाद्य दिवसाला तीस हजारांच्या घरात जातं. पावडर चार तलावांना मिळून तीनशेच्या आत. म्हणजे शंभरात एक रुपयाही नाही. म्हणूनच ती इतकी सहज विकली जाते: लागली तर पुण्य, नाही लागली तर दक्षिणा. पण मला तिची खरी किंमत वेगळीच वाटते. पावडर घातली की मनाला वाटतं, आपण काहीतरी केलं. तीन नंबरच्या मधोमध साठलेला गाळ उपसायला पंप भाड्याने आणायचा होता. तो निर्णय मी पंधरा दिवस ढकलला, कारण खाद्यात तर घालतोच आहोत ना. ही तीनशेची पावडर मला त्या ठिकाणी फार महाग पडली.

मग घालतेच का? कारण हवा, पाणी आणि तळ नीट असलेल्या तलावात, कात टाकायच्या आठवड्यात, ती थोडा आधार देते असं वाचलेलं आणि पाहिलेलं मला पटतं. थोडा. दुखणं येण्याआधी. आलेलं दुखणं ती घालवत नाही. घरात सगळे आजारी पडल्यावर ताकाचं भांडं काढून काय उपयोग?

अर्धा तास डोळा लागला.

दुपारी ४.३०

बाबांनी पाग खांद्यावर घेतली. सत्तरी ओलांडली तरी जाळं गोल पडतं. मी टाकते तेव्हा करंजीसारखं पडतं. जाळं पाण्यात उघडताना जो छर्रकन आवाज येतो तो ऐकायला मावश्याही बांधावर थांबतात.

प्रत्येक तलावाच्या चार कोपऱ्यांतून चार पागा. बादलीत मोजायच्या, वजन घ्यायचं, भागायचं. चार नंबर: सरासरी १२.७ ग्रॅम. पाच नंबर: १२.४. तीन नंबर: ११.१, आणि त्यात बोटभर आणि अर्ध्या बोटाची एकत्र, एका इयत्तेत नापास झालेल्या पोरांसारखी. ११ ग्रॅमची म्हणजे किलोला नव्वद. खरेदीदार हा आकडा ‘काउंट’ म्हणून ऐकतो आणि नाक मुरडतो.

“तीन दशांश,” बाबा म्हणाले. “दोन महिने मावश्यांचा हात दुखवून तीन दशांश.”

“एकाच पागेत याहून जास्त फरक येतो. हा फरक धरायचाच नाही.”

“मग मी जिंकलो.”

“तुम्ही नाही जिंकलात. बरोबरी झालीय.”

“पुढच्या हंगामात चारला कोरा ठेव आणि पाचला घाल,” ते जाळं पिळत म्हणाले. “तलावाचाही काही गुण असतो. पाच नंबरला पूर्वी भात बरा यायचा.”

पाच नंबरमधल्या दोन-चार कोळंब्या हाताला मऊ लागल्या. कात सुरू झाली. चारमध्येही. अमावास्या कुणाला पावडर विचारत नाही.

संध्याकाळी ६.००

चौथं खाणं, मिसळलेलं, पाचला नुसतं जेल. कात टाकणाऱ्या कोळंब्या खात नाहीत, म्हणून सगळीकडे चार किलो कमी. त्याऐवजी खनिजं आणि चुना, कवच लवकर टणक व्हावं म्हणून. सूर्य धरमतरच्या पलीकडे कलला, ओहोटीचा चिखल उघडा पडला, बगळे आमच्या बांधावरून तिकडे गेले. पक्षी एका तलावातली घाण दुसऱ्यात नेतात, म्हणून वर दोऱ्या बांधल्यात. बगळ्यांना दोऱ्या कळतात, पाणकावळ्यांना नाही.

रात्री ८.१५

खाडीपलीकडच्या शेतकऱ्याचा फोन. आवाजावरूनच कळलं.

“वहिनी, पांढरं तरंगतंय. दोन तलावांत. कोणती पावडर घालू?”

खाणं निम्म्यावर आणा, म्हटलं. पंखे सगळे चालू. तरंगणारं जाळ्याने गोळा करून पुरा. उद्या नमुना पीसीआरला द्या. पावडर आज घालून उद्याला काही होणार नाही. घालायचीच तर पैसे विजेवर घाला.

“पण काहीतरी द्यायला हवं ना?”

“पाणी सोडलंत का खाडीत?”

तो गप्प. मग म्हणाला, “परवापासून थोडं थोडं सोडतोय. नाहीतर करणार काय?”

त्याला मी रागावू शकले नाही. त्याच्या जागी मीही सोडलं असतं, अशी मला भीती आहे.

रात्री १०.३०

शेडमध्ये उद्याच्या पुड्या बांधून ठेवायच्या असतात. तराजूवर चार पुड्या झाल्या: एक, दोन, तीन, चार नंबर. हात पाचव्या पुडीकडे गेला. ४८ ग्रॅम पावडर कागदावर पडलीसुद्धा. खाडीपलीकडे व्हाइट गट आहे, पाच नंबर कोरा आहे, आणि त्यात दोन लाख जीव आहेत. बाबांच्या वाफ्यासाठी मी ते पणाला लावायचे? असं मनात आलं.

मग दुपारी लिहिलेलंच आठवलं. आलेलं दुखणं ती घालवत नाही. आज रात्री ती पाच नंबरला घालणं म्हणजे कोळंबीला नव्हे, मलाच काहीतरी देणं. पावडर परत डब्यात लोटली. थोडी सांडली, मुंग्या येतील.

रात्री ११.२०

उधाणाची भरती चढतेय. मे महिन्यात रोज तलावांचं पाणी उन्हाने उडतं, खारटपणा हजारी ३८ वर गेलाय, आणि अमावास्येच्या भरतीलाच आम्ही साठवणीचा तलाव भरून घेतो. पंधरा दिवस याच रात्रीची वाट पाहिलेली. पंप डिझेल भरून तयार होता.

बाबा उघाडीपाशी टॉर्च घेऊन उभे होते. त्यांना फोनचं सांगितलं होतं.

“आज पाणी घ्यायचं नाही,” मी म्हटलं.

“मग पुढे कसं करशील? पौर्णिमेपर्यंत हातभर उतरेल.”

“बोअरचं गोडं थोडं थोडं घालू. क्लोरीन मागवते. पौर्णिमेला बघू.”

त्यांनी काही विचारलं नाही. उघाडीच्या खाचेत वरची फळी बसवली, तिच्या फटीत गोणपाट ठोकलं, आणि मातीचे गोळे माझ्याकडून मागून घेतले. पलीकडून पाणी फळीला लागून वर येत होतं, काळं, फेसाळ, आमच्या बाजूपेक्षा वीतभर उंच. एका ठिकाणी धार झिरपत होती. ते गुडघ्यावर बसले आणि ती बोटाने चाचपडत राहिले.

“इथे दे,” ते म्हणाले. मी माती दिली.